चेहऱ्यांचा तास

आईने लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवली. बरणी लांब धरून पाहिली, मग डोळ्यांजवळ आणली आणि मला विचारलं, "नभा, काय लिहिलंय गं यावर?"

मी ओट्यापाशी उरलेल्या फोडी पुसत होते. "तूच तर आत्ता लिहिलंस."

"लिहिलं मीच. काय लिहिलं ते विचारतेय."

चिठ्ठीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात 'कैरी, कमी तिखट' असं होतं. शिरोरेघ एका दमात ओढलेली, कुठे खाडाखोड नाही. पहिलीच्या वर्गाला पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईचं अक्षर जसं असायला हवं तसंच. ती चेष्टा करतेय असं मला वाटलं. मग तिने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, दोन पानं उलटली आणि खाली ठेवलं. हे कुठल्या लिपीत छापलंय, असं तिने विचारलं. आवाजात भीती नव्हती, चौकशी होती.

त्याच दुपारी आम्ही मिरजेला मेंदूच्या दवाखान्यात होतो.

आई गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्यावर झालेल्या उपचारांबद्दल डॉक्टरांचा एक लेख परदेशी नियतकालिकात आला आहे. त्यात तिचं नाव नाही, वय आहे. शेवटी 'वाचनक्षमता पूर्ववत' असं म्हटलं आहे. ते खरं आहे. मी औषधांच्या माहितीपत्रकांचं मराठी करून पोट भरते, त्यामुळे असल्या मजकुरात काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत ते मला माहीत आहे. जे लिहिलेलं नाही ते मी इथे लिहितेय.

डॉक्टर तबस्सुम मुल्ला वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी आईच्या मेंदूचं चित्र पडद्यावर फिरवून दाखवलं. डाव्या बाजूला, कानाच्या मागे, मेंदूच्या खालच्या अंगाला एक काळा डाग होता. पक्षाघाताचा छोटा झटका होता. हातपाय, बोलणं, समज, सगळं शाबूत. लिहिणारा हातही शाबूत. फक्त डोळ्यांना दिसलेली अक्षरं जिथे शब्द होतात तेवढीच जागा गेली होती.

त्यांनी जे सांगितलं ते मला थोडं माहीत होतं, आईला अजिबात नव्हतं, आणि तिने ते माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. वाचण्यासाठी माणसाच्या मेंदूत जन्मतः जागाच नसते. बोलण्यासाठी असते, चालण्यासाठी असते, चेहरे ओळखण्यासाठी असते. चार दिवसांचं बाळही चेहऱ्याकडे वळतं. पण लिपी माणसाने काढली त्याला पाचेक हजार वर्षं झाली, आणि मेंदूच्या हिशोबात ती कालची गोष्ट. त्यामुळे सहा वर्षांचं मूल अक्षरं शिकायला लागतं तेव्हा मेंदू नवी खोली बांधत नाही. डावीकडे खाली एक पट्टा असतो, त्याचं काम वस्तू आणि चेहरे ओळखण्याचं. त्यातला एक भाग अक्षरांना दिला जातो, आणि तिथले चेहरे हळूहळू उजव्या बाजूच्या तशाच पट्ट्याकडे जातात. वाचता येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हे स्थलांतर होऊन गेलेलं असतं. कुणालाच ते आठवत नाही.

"एसटीत तीन जणींच्या बाकावर चौथी येऊन बसते तसं," आई म्हणाली.

डॉक्टर हसल्या. अगदी तसंच, म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की आईच्या बाबतीत ते बाकच मोडलंय.

तोपर्यंत बोलके चष्मे घरोघर झाले होते. पाटी, बिल, पुस्तक, जे समोर धराल ते चष्मा कानात वाचून दाखवायचा. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुलांनी अक्षरओळखीच्या पुढे जायचं सोडून दिलं होतं, आणि पालकसभेत उठून 'वाचायला शिकवता कशाला' असं विचारणारे पालक आईने निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षात पाहिले होते. मी तिला चांगल्यातला चष्मा आणून दिला. तिने तो काही दिवस वापरला. मग तो ट्रांझिस्टरशेजारी ठेवला आणि म्हणाली, "तो वाचतो, मी ऐकते. हे दोन वेगळे धंदे आहेत."

ती दुसरंच काही करू लागली. वर्तमानपत्राचा मथळा समोर धरून एकेक अक्षर तर्जनीने तळहातावर गिरवायची. डोळ्यांना न कळलेलं अक्षर हाताला कळायचं, आणि हात सांगायचा त्यावरून तिला शब्द लागायचा. सकाळच्या चहाबरोबर सुरुवात केली की एक मथळा संपेपर्यंत चहावर साय धरायची. मी शेजारी बसून तो मथळा एका नजरेत वाचलेला असायचा, इच्छा नसताना.

उपचार मुळात त्या चष्म्यावर वाढलेल्या मुलांसाठी शोधलेला होता. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती मुलं वाचायला शिकू पाहत, तेव्हा अक्षरं ओळखत, पण अडखळत, एकेक चाचपत. कारण वय वाढतं तशी मेंदूतल्या काही पेशींभोवती साखर आणि प्रथिनं यांच्या रेणूंची बारीक जाळी विणली जाते. जाळी विणली की पेशींची आपसातली जोडणी पक्की होते. शिकलेलं टिकतं ते तिच्यामुळे, आणि नवं सहज बसत नाही तेही तिच्यामुळेच. एका एन्झाइमने ही जाळी ठरावीक जागी विरघळवता येत होती. ते डोक्यात नेमकं हव्या त्या ठिकाणी सोडलं की काही महिने तेवढा भाग पुन्हा बालवाडीतला व्हायचा. मग जाळी आपोआप परत विणली जायची.

डॉक्टर मुल्लांनी ते मोठ्या माणसांसाठी वापरायचं ठरवलं होतं. ज्या मुलांचा डावा पट्टा अगदी लहानपणी निकामी होतो ती उजव्या पट्ट्याने वाचायला शिकतात, हे ठाऊक होतंच. आईचाही उजवा पट्टा उघडायचा आणि तिने त्या काळात अक्षरं नव्याने शिकायची, अशी ती योजना होती.

"आणि तिथे आत्ता काय आहे?" मी विचारलं.

"चेहरे," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी काही लपवलं नाही. जाळी नसताना त्या जागेत जे रोज वापरलं जाईल ते टिकेल, जे वापरलं जाणार नाही ते जाईल. म्हणून वाचनाच्या प्रत्येक तासामागे चेहऱ्यांचा एक तास. रोज. जी माणसं टिकवायची त्यांना समोर बसवायचं आणि बघायचं. आधीच्या तीन रुग्णांपैकी दोघांचे चेहरे जवळजवळ पूर्ण टिकले होते. तिसऱ्याबद्दल मी विचारलं. त्याला त्याची माणसं आवाजावरून कळतात, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आई गवार मोडत बसली. मी तिला म्हटलं, आपण हे नको करूया.

"का?"

"तीनात एक. फार आहे."

तिने हातातली शेंग मोडून ताटलीत टाकली. मग म्हणाली की ज्याला वाचता येतं त्याला न वाचता येणं कळत नाही. तुझ्यासमोर अक्षर आलं की ते वाचलं जातंच, ते न वाचणं तुझ्या हातात नाही. माझ्यासमोर येतं आणि नुसतं उभं राहतं.

"आणि माझा चेहरा गेला तर?"

"तुझा चेहरा?" ती हसली. "पाठ आहे मला तो. आणि गेलाच, तर आवाज आहे की. घरात शिरलीस की पहिल्यांदा पंखा मोठा करतेस. आंधळ्यालासुद्धा कळेल, नभा आली."

"चेष्टा नको करूस, आई."

"मी लोकांच्या पोरांना आयुष्यभर सांगितलं, वाचायला शिकलात की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आता मी चष्म्याला विचारू, साखर कुठली आणि मीठ कुठलं?"

"चव घेऊन बघ."

"अगदी बापावर गेलीयेस," ती म्हणाली आणि गवारीची ताटली माझ्याकडे सरकवली. म्हणजे विषय संपला होता. बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण वाद संपवायला ती अजून त्यांनाच बोलवायची.

एन्झाइम मे महिन्याच्या शेवटी दिलं. मुलं शिकतात त्याच क्रमाने आणि त्याच गतीने शिका, एवढीच सूचना होती. आईने ती अक्षरशः घेतली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आपल्या जुन्या शाळेत जाऊन पहिलीच्या वर्गात बसली. वर्ग आता स्वरा माने शिकवायची, जी कधीकाळी याच वर्गात आईसमोर बसलेली होती. तिने बाकावर जागा करून दिली, आणि पहिल्या दिवशी सगळ्या मुलांच्या छातीवर रुमालाच्या वर नावाचा बिल्ला टाचला तसा आईच्या पदरावरही टाचला. 'शैलाबाई' असं त्यावर लिहिलेलं होतं. मुलांनी तिला विचारलं की आजी, तुम्ही नापास झालात का. झाले, म्हणाली, सगळ्यात.

ग, म, भ, न. सरळ काठीला एक छोटीशी गोष्ट जोडली की अक्षर होतं, म्हणून पहिलीची सुरुवात या चौघांपासून. फळ्यावरचा ग तिला पहिल्यांदा नुसताच दिसला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो तिला वाचला गेला. तिने तसंच सांगितलं मला, "आज तो आपणहून वाचला गेला." मग एकेक करत पुढचे आले. घ आणि ध तिला एकच वाटायचे. भ पाटीवर कुणी आरशात बघितल्यासारखा उलटा काढला तरी तिला तो सरळच वाटायचा. मला काळजी वाटली. तिला आनंद झाला. ती म्हणाली, "या पहिलीतल्या चुका आहेत गं. याच यायला हव्यात. चुका बरोबर येतायत." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डावं-उजवं वेगळं मानायचं नाही ही मेंदूची जुनी सवय असते, कारण वाघ डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय. अक्षरांसाठी ती मोडावी लागते. आईचा मेंदू ती नव्याने मोडत होता.

काना शिकल्यावर तिने पहिला पूर्ण शब्द वाचला तो माझं नाव. पाटीवर ते तिनेच लिहिलं होतं, पण या वेळी लिहून झाल्यावर ते तिला परत मिळालं. मी ऑफिसच्या कॉलवर होते. तिने दारातून पाटी दाखवली, आणि मी पलीकडच्या माणसाला थांबा म्हणून सांगितलं.

चेहऱ्यांचा तास संध्याकाळी. आम्ही समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचो. बोलायचं नाही, फक्त बघायचं, अशी डॉक्टरांची सूचना, कारण बोललं की मेंदू आवाजाचा आधार घेतो. आईला हा तास अवघड जायचा. पस्तीस वर्षं ती एका तासात चाळीस मुलांना बघत आली होती. एकाच मुलाकडे तासभर बघायची तिला सवय नव्हती. दहा मिनिटांत ती चुळबुळायची. माझ्या केसांत पांढरं दिसतंय म्हणायची. मी ओठांवर बोट ठेवायचे. बाबांचा फोटो, मावशीचा फोटो, शेजारच्या मालनकाकू, असे सगळे या तासात असायचे. मालनकाकू तर आल्या की पाच मिनिटांत डुलक्या काढायच्या, आणि आई कुजबुजायची की झोपलेला चेहरा चालतो का विचारून घे.

मग एके दिवशी मी खुर्चीवर येऊन बसले तेव्हा तिने माझ्या ओढणीवर एक बिल्ला टाचला. पांढरा पुठ्ठा, निळा स्केचपेन. 'नभा'.

मी हसले. तिने समजावून सांगितलं, आणि तिचं म्हणणं इतकं शहाणपणाचं होतं की मला त्यात काहीच खटकलं नाही. दर जूनमध्ये चाळीस नवे चेहरे समोर यायचे. बिल्ला वाचायचा, चेहरा बघायचा. बिल्ला वाचायचा, चेहरा बघायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळे चेहरे पक्के. मग बिल्ले काढून टाकायचे. नुसतं टकामका बघून कुणी लक्षात राहतं होय? नावाच्या खुंटीला चेहरा टांगावा लागतो. आणि शिवाय दोन्ही तास एकत्र होतात.

हे ती आयुष्यभर करत आली होती आणि ते कधी चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी बिल्ला लावू नका असं सांगितलेलं नव्हतं. कुणाला सुचणार ते?

तिने मालनकाकूंना बिल्ला लावला. बाबांच्या फोटोखाली नाव लिहिलं. वर्गात दारावर 'दार' आणि खिडकीवर 'खिडकी' लिहिलेलं असतं तसं तिने आल्बम काढून एकेका फोटोखाली नावं लिहायला घेतली, आणि रोज ती वाचायची. वाचन झपाट्याने सुधारलं. जोडाक्षरं येऊ लागली. गणपतीच्या सुमारास तिने वर्तमानपत्राचं पहिलं पान संपवलं आणि चहा गरम असतानाच प्यायली.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर मुल्लांनी तिला पडद्यावर चेहरे दाखवले. सगळे आमच्याच घरातले, मी पाठवलेले फोटो, नावांशिवाय. आईने पहिल्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. तिची नजर प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला जात होती. तिसरा फोटो बाबांचा होता. "यांचं नाव लिहायचं राहिलंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पडदा बंद केला. नावं कधीपासून लावलीत, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग हळूहळू सांगितलं, आईकडे बघून, कारण ते ऐकण्याचा पहिला हक्क तिचा होता. पूर्वी तुमच्या डोक्यात अक्षरांना अक्षरांची जागा होती आणि चेहऱ्यांना चेहऱ्यांची. बिल्ला एकीकडे वाचला जायचा, चेहरा दुसरीकडे साठायचा, दोन्ही पक्के. आता दोघांना मिळून एकच जागा आहे, आणि तीही कच्ची. चेहरा ओळखायला मेंदूला कष्ट पडतात. खाली नाव दिसलं की ते कष्ट घ्यायची गरज उरत नाही. म्हणून तो नाव वाचतो आणि चेहरा सोडून देतो. रोज तासभर आपण त्याला चेहरा सोडून द्यायचाच सराव दिला.

आईने ऐकून घेतलं. मग माझ्या ओढणीकडे हात नेला. बिल्ला अजून तिथेच होता. घरातून निघताना काढायचं मला सुचलं नव्हतं. तिने पिन उघडली, बिल्ला काढला, पिन पुन्हा मिटवली, टोचू नये म्हणून. मग वर पाहिलं.

माझ्या ओळखीची नजर होती ती, फक्त माझ्यासाठीची नव्हती. कुणाच्या घरी आपण पहिल्यांदा जातो तेव्हा यजमानीण जसं पाहते, तसं.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"आई," मी म्हटलं. आणि तिचा चेहरा पुन्हा तिचा झाला.

"पस्तीस वर्षं हेच केलं गं," ती म्हणाली. "एकही पोर चुकलं नाही माझं."

जाळी पूर्ण विणली जायला अजून काही आठवडे होते. ते आम्ही सगळे चेहऱ्यांना दिले. पुस्तकं, पाटी, वर्तमानपत्र कपाटात गेलं, आल्बममधली नावं तिने स्वतः खोडली. ती माझ्यासमोर बसायची, आणि आता चुळबुळायची नाही. माझ्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून आयुष्यात कुणी पाहिलेलं नाही. ती बोट लावून म्हणायची: डाव्या भुवईत खोक, झोपाळ्यावरून पडली तेव्हाची. नाक बाबांचं. हनुवटी माझी. उजव्या गालावर तीळ. सगळं बरोबर सांगायची, डोळे मिटूनसुद्धा. मग मी उठून स्वयंपाकघरात जायचे, मालनकाकूंबरोबर परत यायचे, आणि आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या राहायचो, न बोलता. ती तीळ शोधायची. भुवई शोधायची. अक्षर अन् अक्षर तिला येत होतं. शब्द होत नव्हता.

एकदा तिने मालनकाकूंचा हात धरला आणि "ही माझी" म्हणाली. काकूंनी हात सोडवून घेतला नाही. त्या रडायला लागल्या, आणि त्या रडण्याच्या आवाजावरून आईला कळलं.

दिवाळीनंतर जाळी पूर्ण विणली गेली. जे होतं ते पक्कं झालं.

पुढची दोन वर्षं ती भरभरून वाचत होती. ग्रंथालयातून मी पिशव्या भरून पुस्तकं आणायचे. चष्म्यावर वाढलेल्या आसपासच्या पाच-सहा मुलांना ती अंगणात वाचायला शिकवायची. ती मुलं आल्याबरोबर आपलं नाव ओरडून सांगत, तसा नियमच होता. मीही सांगायचे. दारातून आत शिरतानाच "मी आलेय" म्हणायचे, पंख्याच्या बटणाला हात लावण्याआधी. त्या दोन शब्दांच्या आधीचा जो क्षण असायचा तो मी शक्य तितका छोटा करायला शिकले. तरी तो असायचाच. ती पुस्तकातून मान वर करायची आणि एका परक्या बाईकडे आदबीने पाहायची.

फक्त एकदा मी बोलले नाही. तिच्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला काय बघायचं होतं ते मला सांगता येणार नाही. तिने पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

मी म्हटलं, "तू."

"नभे," ती म्हणाली, "असं नको करत जाऊस." रागावून नाही. मग मी पुन्हा कधी केलं नाही.

दुसरा झटका उजव्या बाजूला आला, आणि या वेळी कानाच्या वरच्या भागात. डॉक्टर मुल्लांनी चित्र दाखवलं तेव्हा मी ते त्यांनी सांगण्याआधीच वाचलं. आईला ऐकू येत होतं. ताट वाजलं तर ती वळायची, फोन वाजला तर "कुणाचा वाजतोय बघा" म्हणायची. पण माणसाचं बोलणं तिच्यापर्यंत आता फक्त आवाज म्हणून पोचत होतं, पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखं. त्यात शब्द नव्हते आणि कुणाचा आवाज आहे हेही नव्हतं. ती स्वतः बोलू शकत होती. आणि वाचू शकत होती. डॉक्टरांनी जपलेली, आम्ही इतकी किंमत देऊन मिळवलेली ती एक वाट उघडी होती. सिस्टर तिच्याशी पांढऱ्या फळीवर लिहून बोलायच्या. पाणी हवं? दुखतंय? कूस बदलूया? ती वाचून उत्तर द्यायची आणि एखाद्या सिस्टरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची.

मला दुपारच्या भेटीच्या वेळेत आत सोडलं. ती उशीला टेकून बसली होती. डोक्याला पट्टी, हातात सुई, पण केस विंचरलेले. माझ्याकडे पाहून तिने ओळख नसलेल्या माणसाशी हसतात तेवढं हसून घेतलं.

मी सवयीने "आई, मी आलेय" म्हटलं. तिने मान जराशी कलती केली, जवळपास काहीतरी वाजतंय तशी, आणि पुन्हा हसली.

मी फळी घेतली. 'आई, मी आलेय. मी नभा.' असं लिहून तिच्यासमोर धरलं.

तिने ते वाचलं. मोठ्याने, ओळीखालून बोट नेत, एकही अक्षर न अडखळता. आणि तिचा चेहरा उजळला. दोन वर्षांत तो माझ्याकडे बघून असा उजळला नव्हता, फक्त माझ्या आवाजाकडे.

"नभाने दिलं का हे?" तिने मला विचारलं. "आलीय का ती?"

मी मान डोलावली. माझ्या छातीवर हात ठेवला. तिने हाताकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे, बराच वेळ, मनापासून. ती प्रयत्न करत होती. मी भुवई दाखवली, तीळ दाखवला. झटक्याने तिची पाठांतरंही नेली होती बहुतेक, किंवा ती इतकी थकली होती की मला दुखावू नये म्हणून नुसतं बघत होती.

मी फळी पुसून पुन्हा लिहिलं. 'मीच नभा.'

तेही तिने वाचलं. मग अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं, पुसलं जाऊ नये अशा बेताने.

"तिचंच अक्षर आहे," ती मला म्हणाली, कौतुकाने, कुणा पाहुण्याला सांगावं तसं. "वळण मी लावलंय. म बघा कसा काढते."

दाराबाहेर कुणीतरी स्ट्रेचर नेत होतं. ती त्या आवाजाकडे वळली, थांबली, आणि स्ट्रेचर पुढे गेल्यावर परत माझ्याकडे आली.

"तिला यायला उशीर होतो," ती म्हणाली. "काम फार असतं. पण लिहिलंय म्हणजे येईलच." मग थोडं संकोचून, परक्या माणसाला काही मागताना ती नेहमी संकोचायची तशी, "तुम्हाला घाई नसेल, तर ती येईपर्यंत बसाल का जरा?"

मी मान हलवली.

पलंगाशेजारचं स्टूल ओढून मी बसले. तिने फळी मांडीवर ठेवली, वरच्या बाजूने दोन्ही हातांनी धरली आणि दाराकडे बघू लागली.